पक्षाघाताच्या चौकटीत आमची मुलंही घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

२९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेलं पान वाचलं. बीपी, साखर, मीठ, बिडी, तंबाखू असं सगळं त्यात होतं. आपल्या खानदेशात तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्यांची कमी नाही, तेव्हा ते छापायलाच हवं होतं. खाली एक चौकट होती : चेहरा वाकडा झालाय का, हात वर धरला तर खाली पडतो का, बोलणं जड झालंय का, तसं दिसलं तर वेळ घालवू नका. ती चौकट मी कापून गिरणीच्या भिंतीवर, दळणाच्या दरपत्रकाशेजारी चिकटवली आहे. पण त्या अख्ख्या पानावर एकही लहान मूल नव्हतं. चित्रात नाही, मजकुरातही नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त मधला भाग ठेवा.

मी अमळनेर तालुक्यातली. पिठाची गिरणी मी चालवते, मिस्टर टेम्पोवर असतात. आमचा धाकटा, घरात त्याला दादू म्हणतात, डाऊन सिंड्रोमचा आहे. म्हणजे पेशीत २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन. साधारण सातशे-आठशे जन्मांमागे असं एक बाळ असतं, त्यामुळे प्रत्येक तालुक्यात अशी मुलं आहेत. फक्त लग्नकार्यात, बाजारात दिसत नाहीत एवढंच. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. दादूलाही होता. हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्र होतं. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने ते पकडलं, मुंबईला पाठवलं आणि तो तान्हा असतानाच ऑपरेशन झालं. सरकारी कामाला शिव्या घालायची आपल्याकडे रीत आहे, पण त्या पथकाचं देणं मी विसरणार नाही.

तर दादू आठ वर्षांचा असतानाची गोष्ट. गिरणीत त्याचं एक काम ठरलेलं होतं. चक्कीच्या तोंडाला पीठ खाली येण्यासाठी कापडी नळी बांधलेली असते, तिच्यात पीठ अडकतं. वरून उजव्या हाताने थापट्या मारून ते डब्यात पाडायचं. पट्ट्याच्या बाजूला जायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक. कळण्याचं, म्हणजे ज्वारीत उडीद घातलेलं, दळण आलं की त्याला फार मजा वाटायची, उडदाचं पीठ जरा जास्त चिकटतं ना. गिऱ्हाईक बायाही म्हणायच्या, दादूच्या हातचं पीठ जास्त भरतं.

वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे त्याला पिपाणी घेऊन दिली. पोरगं संध्याकाळभर जीव खाऊन पिपाणी वाजवत होतं. एकदम त्याच्या उजव्या हातातली पिपाणी गळून पडली. हात नुसता लोंबत होता. मी उचलून धरला, सोडला, परत खाली. तोंडातून लाळ. सासूबाई खाली बसून त्याचं तोंड कुरवाळत विचारत होत्या, "काय व्हयनं रे भाऊ तुले?" थोड्या वेळाने हात हलायला लागला आणि त्याने तीच पिपाणी परत मागितली. मग दोन-तीनदा घरीही झालं. एकदा रडून रडून थकल्यावर, एकदा बशीतला गरम चहा फुंकताना. दर वेळी काही मिनिटांत सगळं पहिल्यासारखं.

दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लाडावलाय, लक्ष वेधून घेतो, अशा मुलांचं असंच असतं. मी गप्प बसून ऐकलं आणि घरी येऊन नळीकडे बघत बसले, कारण त्या आठवड्यात दादू डाव्या हाताने थापट्या मारायला लागला होता. उजव्या हाताचं पोरगं लक्ष वेधायला डाव्या हाताने काम करेल का हो? आणि वेधायचं कुणाचं? मी तर पाठमोरी धान्य ओतत असते.

पुढे ऊन वाढलं. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हाचे दिवस. दादूला उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो उभाच राहीना. उजवा पाय घसटत होता, हात मेला होता, आणि जे चार-पाच शब्द बोलायचा त्यातलं 'दळण' गेलं होतं. शेजारपाजार जमला. अंगावरून वारं गेलं म्हणाले. एका म्हातारबांनी कबुतराच्या रक्ताची मालिश सांगितली, दुसऱ्यांनी लकव्याची जडी देणाऱ्याचं गाव सांगितलं. खरं सांगते, त्या म्हातारबांचा मला राग नाही. 'वारं गेलं' हे त्यांनी तरी ओळखलं. दवाखान्यात तेवढंही ओळखलं नाही. तिथे हृदयाचं जुनं ऑपरेशन ऐकून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. इको चांगला आला आणि म्हणून बाकीही सगळं चांगलं असं ठरलं. अशक्तपणा आहे, सलाईन लावा, घरी जा.

ओळखलं ते एका फिजिओथेरपीच्या ताईंनी. त्यांनी दादूला टेबलावर झोपवलं, दोन्ही पाय ढिले सोडायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारली. डावा पाय जरासा हलला, उजवा उडाला. मग पेनाच्या टोकाने दोन्ही तळपायांवर रेघ ओढली. डाव्याची बोटं खाली वळली, उजव्याचा अंगठा वर गेला. या मुलांचं अंग मुळात सैल असतं. त्यामुळे एकच बाजू ताठर व्हायला लागली असेल तर ते डाऊनचं नाही, मेंदूत नवीन काहीतरी झालंय, असं त्या म्हणाल्या. चिठ्ठी लिहून दिली आणि आजच्या आज डोक्याचा सीटी करा म्हणून सांगितलं. सीटीत मेंदूच्या डाव्या बाजूला दोन डाग निघाले. एक ताजा, एक जुना. जुना म्हणजे 'लाडावलाय' वाला.

पुढे नाशिकला भूल देऊन एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची तपासणी, मग मुंबईला जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी. आजाराचं नाव निघालं मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या गळ्यातून वर जातात. कवटीच्या आत, जिथे त्यांना फाटे फुटतात, तिथेच त्या हळूहळू अरुंद होत जातात. मोठा पाट गाळाने बुजला की पाणी जसं आजूबाजूच्या बारीक सऱ्यांतून वाट काढतं, तसं रक्त नव्याने फुटलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतून जायला लागतं. त्यांचं जाळं अँजिओग्राफीत धुराच्या लोटासारखं दिसतं. सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्यावरूनच हे नाव दिलं. जपान-कोरियात हा आजार जास्त. आणि डाऊन असलेल्या मुलांत तो इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो. २१ व्या गुणसूत्रावरची काही जनुकं रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी संबंधित आहेत, संशय त्यांच्यावर आहे. पिपाणीचं कोडंही तिथेच सुटलं. जोरजोरात फुंकलं, हुंदके देऊन रडलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मेंदूतल्या वाहिन्या आकसतात. निरोगी मुलाला जाणवतही नाही. ज्याच्या वाहिन्या आधीच बारीक, त्याचा हात पडतो. मुंबईच्या डॉक्टरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, गरम खाणं फुंकताना होतं का? मी चहाची बशी सांगितली तेव्हा त्यांनी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं.

आता तो मधला भाग, जो कापू नका.

आपली चौकट म्हणते चेहरा बघा. आमच्या मुलांचा चेहरा मुळात सैल, जीभ पुष्कळदा बाहेर, लाळ गळते. ओठाचा एक कोपरा उतरलेला परक्या माणसाला कसा कळणार? आईला कळतो. चौकट म्हणते बोलणं बघा. जो मुळातच चार शब्द बोलतो त्याचं अडखळणं कशावरून ठरवायचं? त्यातला कालचा एक शब्द आज गेला, यावरून. हात वर धर सांगितलं तर काही मुलं धरणारच नाहीत, त्यांना ते समजत नाही किंवा तुमच्या पांढऱ्या कोटाची भीती वाटते. पण दोन्ही हातांनी टाळी वाजव म्हटलं, चेंडू दोन्ही हातांनी झेलायला दिला, भरला पेला धरायला दिला, तर सगळं दिसतं. म्हणजे अशा मुलाला 'नॉर्मल' मुलाशी ताडून बघायचंच नाही. त्याला त्याच्याच कालच्या दिवसाशी ताडायचं. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर ते डाऊनमुळे नाही. डाऊन जन्मापासून आहे, ते मंगळवारी सकाळी येत नाही.

काही वेळा हात-पाय पडतही नाहीत. मूल नुसतं मंदावतं. शाळेत आधी जे येत होतं ते विसरतं, चड्डीत करायला लागतं, चालताना एका बाजूला धडकतं, कधी नुसती डोकेदुखी असते पण सांगता येत नाही म्हणून डोकं भिंतीवर आपटतं. कधी पहिलं लक्षण फिट हेच असतं. थायरॉईड, झोपेत श्वास अडकणं, कान, अशी दुसरी कारणंही असतात, ती तपासायचीच. थायरॉईड तर या मुलांचं दर वर्षी तपासायला हवं. पण 'वागणूक बिघडली' असा शिक्का मारण्याआधी एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विचार डॉक्टरांच्या मनात येऊन जावा एवढंच मागणं आहे.

आयांनो, मोबाइलवर आपण दिवसभर रील बघतो. महिन्यातून एकदा आपल्या मुलाचा व्हिडिओ काढून ठेवा. चालताना, जेवताना, दोन्ही हातांनी काहीतरी करताना, बोलताना. सीटी करायला सांगणाऱ्या त्या ताईंना मी दादूचा थापट्या मारतानाचा जुना व्हिडिओ दाखवला होता. त्यांना फार बोलावं लागलं नाही, मलाही नाही. आणि हात पडतो तेव्हा तो क्षणही टिपा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल हसत-खेळत असतं आणि वेड्यात आपण निघतो.

हृदयाचंही सांगते, कारण त्यावरूनच आमची फसगत झाली. हृदयदोष असलेल्या मुलात रक्ताची गुठळी हृदयातून मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो, हे खरं. ज्यांचं ऑपरेशन राहून गेलं आणि ओठ-नखं निळी पडतात, त्यांचं रक्त घट्ट होत जातं, त्यांना धोका आणखी. अशा मुलाला ताप येऊन डोकं दुखत असेल, उलट्या होत असतील तर मेंदूत पू झालाय का हेही बघावं लागतं. पण इको चांगला म्हणजे मेंदूच्या वाहिन्या चांगल्या, असा अर्थ होत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

दादूवर उपचार झाले. कानशिलाजवळची, टाळूच्या कातडीतली एक धमनी सोडवून ती मेंदूच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवतात. तिच्यातून महिनोन् महिने नव्या वाहिन्या मेंदूत उतरत राहतात. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन वेगवेगळ्या वेळी झालं. भूलतज्ज्ञ बाईंनी आधी मानेचा एक्स-रे मागितला, कारण या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके कधी कधी सैल असतात, भूल देताना मान जास्त वाकवली तर मज्जारज्जू दबतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच सलाईन सुरू केलं. उपाशी ठेवायचं, पण कोरडं पडू द्यायचं नाही. आता रोज ॲस्पिरिनची लहान गोळी आहे. ती मात्र कुणी वाचून स्वतःच्या मनाने मुलाला देऊ नये. लकवा कधी वाहिनी बंद पडून होतो, कधी फुटून, आणि फुटली असेल तर तीच गोळी घात करते. स्कॅनआधी काही नाही. दादूलाही कांजिण्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी पुढे चालू ठेवायची नाही, असं बजावलंय.

आमच्या घरात आता उन्हाळा म्हणजे पाण्याचा पहारा. शाळेच्या दप्तरात दोन बाटल्या, जुलाबाची पहिली खेप झाली की लगेच ओआरएस, आणि पोटात ठरत नसेल तर सलाईनसाठी वाट बघायची नाही. चहा निववून द्यायचा. पिपाणी, फुगे बंद. त्याला ते पटलेलं नाही. रुसतो. गेल्या यात्रेत डमरू घेऊन दिला.

घाबरवायला लिहीत नाही. डाऊन असलेल्या बहुतेक मुलांना हे होत नाही, आणि सरसकट प्रत्येकाचा एमआरआय काढा असं मी म्हणतच नाही. भूल देऊन मशीनमध्ये घालणं काही गंमत नाही. पण लक्षण दिसल्यावर तरी?

या बाबतीत खानदेशातल्या डॉक्टरांना लहान मुलाचा लकवा अनोळखी नसावा. नंदुरबारकडे, सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलसेलच्या मुलांना मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लकवा होतो हे पुस्तकात पहिल्या पानांवर असतं. त्या मुलांची दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत दर वर्षी डोक्यावरून डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग बघणारी, तपासणी करावी असा नियमच आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, रक्त तपासून कार्डं वाटली जाताहेत. चांगलं आहे. मग ज्या जिल्ह्यात डॉपलर करणारा हात तयार होईल, त्याच हाताने पडलेल्या-उठलेल्या हाताची तक्रार घेऊन आलेलं डाऊनचं पोरही बघावं. वेगळी इमारत नको, वेगळा निधी नको.

माझं मागणंही त्याच धाटणीचं आहे. बाल स्वास्थ्यचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे, हृदय आहे. डाऊनच्या मुलासमोर एक प्रश्न वाढवा : आधी जमायचं असं काही अचानक, थोडा वेळ जरी, जमेनासं झालं होतं का? उत्तर 'हो' असेल तर जिल्ह्याला पाठवा, तिथून पुढे बालमेंदूविकारतज्ज्ञाकडे. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना हे सांगायला अर्धा तास पुरतो. १०८ वर फोन उचलणाऱ्यालाही माहीत असावं की आठ वर्षांच्या मुलाला लकवा होतो. मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून "आजोबांचं वय किती?" असं विचारलं गेलं.

पैशांचंही थोडं. मुंबईच्या वाऱ्यांत टेम्पोचे हप्ते थकले, ते आमचं आम्ही बघू. पण ज्यांच्या मुलांची अजून वेळ आली नाही त्यांनी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आधीच करून ठेवावी. एक लाखापर्यंतचं कवच आहे आणि आधीचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्डावर मुलाचं नाव, आधारवर नीट स्पेलिंग, हे सगळं पोर धडधाकट असतानाच. दवाखान्याच्या खिडकीत उभं राहून एक अक्षर दुरुस्त करायला लागलं की काय होतं ते मी भोगलंय.

दादू आता दहाचा आहे. उजवा हात खांद्यातून उचलतो, बोटं अजून हवी तशी मिटत नाहीत. कापडी नळीला डाव्या हाताने मारतो, उजव्याने धरून ठेवतो. फिजिओच्या ताईंनीच तसं करायला सांगितलंय, दोन्ही हात कामात राहायला हवेत म्हणून. 'दळण' परत आलंय, पण तो आता त्याला 'दण' म्हणतो.

पुढच्या २१ मार्चला, म्हणजे जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाला, आपण या मुलांचे फोटो छापालच. रंगीत मोजे, फुगे, केक. छापा, मुलांना आवडतं. त्याच पानावर पक्षाघाताची ती चौकट थोडी बदलून छापता येईल का? मजकूर या पत्रातून घ्या, जिल्ह्यातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. आणि अक्षर जरा मोठं ठेवा, गिरणीत पिठामुळे बारीक वाचता येत नाही.

आपली,
गिरणीवाली एक आई
अमळनेर तालुका, जि. जळगाव

(नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे, छापू नये ही विनंती.)